कौशल्याची घडण

पूर्व विदर्भांतील गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख. पावसाळ्यांत तेथें रोवणी सुरू झाली म्हणजे सराईत बायका बांधीच्या चिखलांत वांकून पऱ्हे खोवीत मागें सरकतात. तोंडानें गाणें चालू असतें आणि बोटें आपलें काम बिनचूक करीत असतात. नवशिक्या मुलीला मात्र एकेक रोप लावतांना गाण्याची शुद्धही राहत नाहीं. हा फरक आवृत्तीनें पडतो, आणि खेळाच्या मैदानावरही हाच नियम चालतो.

शिकण्याच्या आरंभीं प्रत्येक हालचालीवर लक्ष खिळवावें लागतें. योजलेली हालचाल व प्रत्यक्ष घडलेली हालचाल यांतील तफावत लहान मेंदू टिपतो आणि पुढील खेपेस दुरुस्ती होते. अशा असंख्य दुरुस्त्या सांचल्या म्हणजे हालचाल अंगवळणीं पडते व मोकळें झालेलें लक्ष प्रतिस्पर्ध्याकडे देतां येतें.

परंतु आवृत्ति म्हणजे घोकंपट्टी काय? मॉस्को येथील निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञानें १९२० ते १९३० च्या दरम्यान छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींचीं छायाचित्रें घेतलीं. सराईताचा हातोडा दर वेळीं नेमका बसे. पण खांदा, कोपर व मनगट यांची चाल दर खेपेस थोडी निराळी असे. शरीर तोच प्रश्न पुन्हां पुन्हां नव्यानें सोडवीत होतें. १९७८ सालीं कर व बूथ यांनीं ८ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटानें लहान पिशवी ३ फुटांवरील खुणेवरच फेकण्याचा सराव केला, दुसऱ्यानें २ व ४ फुटांवर. शेवटीं परीक्षा ३ फुटांचीच झाली, तरी दुसरा गट सरस ठरला!

दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबाच्या शिक्षणांतही हेंच तत्त्व आहे. आधीं साधी अढी पक्की करावयाची. मग तीच पकड पुरलेल्या, टांगत्या व दोरीच्या मल्लखांबावर निरनिराळ्या रीतीनें साधावयाची.

म्हणून मुलाला “शंभर वेळां कर” एवढेंच सांगून भागत नाहीं. चुकीची आवृत्ति चुकीलाच बळकटी देते. एकाच दिवशीं तीन तास राबविण्यापेक्षां रोज अर्धा तास बरा. आरंभीं जाणत्याकडून हालचाल तपासून घ्यावी. पुढें अंतर, वेग व जागा बदलीत जावें. रात्रीं पुरेशी झोंप हवी, कारण दिवसाचा सराव झोंपेंत पक्का होतो. आणि एखाद्या मुलाला ‘तुझ्या अंगांत खेळच नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं त्याला अशा आवृत्त्या किती मिळाल्या, हें घरच्यांनीं आधीं मोजावें.