स्टेअर लिफ्ट बसवायची? आधी जिना कोणाचा ते बघा!

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली... उपनगरांतल्या कितीतरी जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये आजही लिफ्ट नाही. तरुणपणी तिथे राहायला आलेली मंडळी आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. गुडघे संपावर गेले की आधी संध्याकाळचा कट्टा सुटतो, मग बँक आणि शेवटी डॉक्टरकडे जाणंही टळू लागतं. मग घरातलं कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं: रुळावरून सरकत जिना चढणारी खुर्ची. हीच स्टेअर लिफ्ट.

ती चालते कशी?

जिन्याच्या कडेने रूळ बसवतात. तो सहसा भिंतीला नाही, तर पायऱ्यांनाच पक्का करतात. खुर्ची बहुधा बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. पट्टा असतो, वाटेत काही आडवं आलं तर ती थांबते आणि वर पोचल्यावर उतरायला सोपं जावं म्हणून बैठक वळते.

जिना घरातला की सोसायटीचा?

गोराई-चारकोपसारख्या ठिकाणच्या रो हाऊसमध्ये किंवा डुप्लेक्समध्ये जिना तुमचाच असतो. तिथे प्रश्न फक्त जागेचा आणि पैशांचा. सोसायटीचा जिना मात्र सगळ्यांचा. त्यात रूळ बसवायचा तर सर्वसाधारण सभेची लेखी मंजुरी घ्या. शिवाय आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ती मोकळी ठेवावी लागते.

टेप घेऊन मोजा

दुमडलेली खुर्ची साधारण ३५ सेंटीमीटर जागा अडवते. जिना १२० सेंटीमीटर रुंद असेल तर ८५ उरतात. ९० चा असेल तर जेमतेम ५५. तेवढ्यातून स्ट्रेचर जाईल का? गॅस सिलिंडर जाईल का?

वेळेचाही हिशेब करा. मजल्यामागे वळणासकट रूळ ७ मीटर धरला, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत २१ मीटर. वेग सेकंदाला १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण सव्वादोन ते साडेतीन मिनिटं. तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

आपल्याकडच्या इमारतींचे जिने मधल्या चौकात वळतात. वळणाचा रूळ त्या जिन्याच्या मापानेच बनवावा लागतो. म्हणून तो सरळ रुळापेक्षा बराच महाग पडतो आणि दुसऱ्या जिन्याला सहसा बसत नाही. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू असतील, तर हा खर्च किती वर्षांसाठी करतोय, ते आधी विचारा.

बसणाऱ्याला जमेल का?

खुर्चीत बसणं, तोल सांभाळणं आणि उठणं जमायला हवं. पक्षाघात किंवा विस्मरणाचा आजार असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचं मत घ्या. व्हीलचेअर या लिफ्टवर चढत नाही. वर एक आणि खाली एक, अशा दोन ठेवाव्या लागतात.

दुसरे पर्याय

इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडता येते का, हे आर्किटेक्टला विचारा. त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते आणि २०१७ च्या राज्याच्या लिफ्ट कायद्याचे नियमही लागू होतात. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा खर्च ती वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या सर्व सभासदांवर सारखाच पडतो. त्यामुळे तळमजल्यावरच्यांशी आधीच बोललेलं बरं. आपला फ्लॅट भाड्याने देऊन त्याच परिसरात तळमजल्यावर भाड्याने राहणं, हाही मार्ग आहे. आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवणं हे सर्वांत स्वस्त काम. मशीन घ्या किंवा नका घेऊ, ते करूनच टाका.

मशीनच घ्यायचं ठरलं तर?

आगाऊ रक्कम देण्याआधी तीन गोष्टी करा. जिन्याची प्रत्यक्ष मोजणी करून घ्या. बिघाड झाला तर माणूस किती तासांत येईल, ते लेखी घ्या. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या आजी-आजोबांना एकदा तशाच खुर्चीत बसवून बघा. त्यांना भीती वाटली, तर कितीही महागडी खुर्ची नुसती दुमडून पडून राहील.