इंजिन बसलं, पाण्याचं काय?

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: स्पोर्ट्स कारमध्ये डिझेल इंजिन बसवतात म्हणे, ते थंड कसं ठेवतात ते पाहून या. बुलढाणा जिल्ह्यात स्पोर्ट्स कार शोधणं म्हणजे लोणारच्या सरोवरात मासे शोधणं. पण हौसेला इथे तोटा नाही. टप काढलेली, समोरची काच बोनेटवर आडवी पाडलेली, रुंद टायरांची जुनी जीप हीच मलकापूर-नांदुरा-खामगाव पट्ट्यातली स्पोर्ट्स कार. लग्नाची वरात असो की निवडणुकीची मिरवणूक, ती पुढे लागतेच. आणि तिच्या पोटात कारखान्यातून आलेलं इंजिन क्वचितच सापडतं.

या गाडीचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 1945 साली कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. त्याच सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. या सगळ्यात माझं लक्ष एका बारीक गोष्टीवर अडकलं. सीजे-3बी या मॉडेलचं बोनेट इतकं उंच आणि बेढब का? तर त्यातलं 'हरिकेन' हे पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून गाडीचंच नाक वर उचलावं लागलं. हे खुद्द विलीजच्या कारखान्यात झालं, जिथे पत्रा दाबायला प्रेस होते आणि चुका काढायला इंजिनिअर होते.

पुढे पेट्रोल आणि डिझेलच्या भावात अंतर पडत गेलं आणि पेट्रोल जीप पोसणं शेतकऱ्याला परवडेनासं झालं. कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन घेतलं. एक्सडीपी 4.90 हे त्याचं नाव. चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर 90 मिलिमीटर, एकूण 2112 सीसी. ज्यांच्याकडे आधीच्या पेट्रोल जीपा होत्या, किंवा ज्यांनी मिलिटरीच्या लिलावातून त्या उचलल्या होत्या, त्यांनी गॅरेजचा रस्ता धरला. अपघातातल्या गाडीचं डिझेल इंजिन आणायचं, फाउंडेशनच्या पट्ट्या कापून नव्या वेल्ड करायच्या, गिअरबॉक्सला जोडायला मधे एक प्लेट टर्न करून घ्यायची. हे काम चार-सहा दिवसांत होतं. इंजिन स्टार्ट होतं, धूर निघतो, पेढे वाटले जातात. आणि पहिल्याच घाटात गाडी पाणी फेकते.

म्हणून मी इंजिनवाल्या मिस्त्रीपेक्षा रेडिएटरवाल्याकडे जास्त बसलो. खामगावात हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली त्याचं काम चालतं. नाव छापू नका म्हणाला, आपणही मिस्त्रीच म्हणू. त्याचं हत्यार पाहण्यासारखं आहे: लोखंडाची एक पातळ, चपटी, हातभर लांब पट्टी. गॅसच्या ज्योतीने तो रेडिएटरची वरची पितळी टाकी उसवतो, खाली नळ्यांची रांग उघडी पडते, आणि मग एकेका नळीत ती पट्टी घालून वरखाली करत राहतो. पांढरा चुरा खाली पडतो. एका रेडिएटरला शंभरावर नळ्या, आणि त्याला घाई अजिबात नाही. अर्धवट साफ केलेली नळी तो बोटाने दाखवतो: तोंडाशी उघडी, आत बुजलेली. सगळ्या मोकळ्या झाल्या की टाकी पुन्हा डाख देऊन बसवायची, दोन्ही तोंडांना रबर कोंबायचं, हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवायचं आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं. "इंजिन गरम होते म्हून सारे इंजिनले शिव्या देतेत," तो म्हणाला. "पाणी कुठून जाते, हवा कुठून येते, ते कोनी पाहतच नाही ना भाऊ."

त्याचं म्हणणं पुस्तकातही खरं ठरतं. डिझेल इंजिन जास्त तापतं ही समजूत गावोगाव आहे, आणि ती चुकीची आहे. डिझेल इंधनातली ऊर्जा जास्त काटकसरीने वापरतं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीमागे पाण्यात टाकलेली उष्णता पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच भरते. नुसतं चालू ठेवलेलं डिझेल तर लवकर गरमही होत नाही. तरी बदललेल्या गाड्या उकळतात. कारण रेडिएटर, पंखा, काउल म्हणजे पंख्याभोवतीचं कडं, होज पाइप, रेडिएटरची टोपी हा सगळा संसार एका विशिष्ट इंजिनासाठी एकत्र मांडलेला असतो. इंजिन गेलं की उरतात सुटे भाग, आणि सुटे भाग मिळून कूलिंग होत नाही.

पंख्याचंच बघा. जुन्या इंजिनाचा पंखा जाळीच्या बरोबर मध्यावर होता. नवं इंजिन दोन इंच खाली बसलं की पंख्याची अर्धी पाती खालच्या टाकीमागे फिरतात, जिथे नळ्याच नाहीत. इंजिन लांब असेल तर पंखा जाळीला घासतो. मग तो काढून टाकतात आणि पुढून कुठल्या तरी छोट्या कारचा इलेक्ट्रिक पंखा बांधतात. काउल तर बहुतेक वेळा भंगारात गेलेलं असतं. ते नसलं की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनाची गरम हवाच गोल गोल फिरवत बसतो. मिस्त्री काउल पत्र्यातून नवं ठोकतो आणि पाती अर्धी आत, अर्धी बाहेर राहतील असं बसवतो.

दुसरी भानगड उंचीची, आणि खऱ्या स्पोर्ट्स कारवाल्यांना हीच सगळ्यात जास्त छळते. बुटक्या बोनेटखाली रेडिएटर ठेंगणा, आणि डिझेलचं हेड त्याच्यापेक्षा वर. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. म्हणजे हेडमध्येच, जिथे पाण्याची सर्वांत जास्त गरज आहे. त्यातही वाईट हे, की तापमान सांगणारा सेन्सर त्या हवेच्या पोकळीत आला तर काटा निवांत मधोमध उभा राहतो आणि हेड भाजत असतं. ड्रायव्हरला कळतं ते हेड गॅस्केट उडाल्यावर. यावर उपाय एकच: सगळ्यांपेक्षा वर, केबिनच्या भिंतीवर, वेगळी टाकी बसवायची. हेडपासून आणि रेडिएटरच्या माथ्यापासून बारीक नळी तिच्यात आणायची आणि तिच्या बुडातून जाड नळी वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, तोंडाला द्यायची. हवा वर निघून जाते, पाणी खाली उतरतं.

थर्मोस्टॅटबद्दल तर आपल्याकडे अंधश्रद्धाच आहे. गाडी गरम झाली की पहिला सल्ला, 'व्हॉल्व्ह काढून फेक.' काही इंजिनांत तो व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता आडवाटेने पुन्हा इंजिनात फिरतो, आणि घाटात गाडी आणखी तापते. थंडीत उलट: डिझेल गरमच होत नाही, धूर मारतं, डिझेल पितं.

आता घाट. मलकापूरकडून मोताळ्यावरून बुलढाण्याला चढताना राजूर घाट लागतो, खामगावकडून येताना ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथा घाट. मिस्त्रीची परीक्षा राजूरला, आणि तीही मे महिन्यात दुपारी. हिशेब साधा आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांवर आणि हवा 25 असेल तर फरक 65. आपल्याकडच्या 45 अंशांत तोच 45 उरतो. तोच रेडिएटर तीस टक्क्यांनी लहान झाला म्हणा ना. त्यात दुसरा गिअर, पूर्ण लोड, वीसचा वेग, म्हणजे समोरून वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर. वर बुलढाण्याच्या उंचीवर उघडं पाणी शंभराच्या दोनेक अंश आधीच उकळतं. म्हणून टोपीची किंमत मोठी. 0.9 बार दाब धरणारी चांगली टोपी उकळण्याचा बिंदू एकशेवीसच्या जवळ नेते. रबर चिरलेली, कुठल्याशा ट्रॅक्टरची टोपी लावली की हा सगळा फायदा गेला.

हवेची वाट बुजल्याने मोठमोठे हरले आहेत. 1952 साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्सची डिझेल कार सगळ्यांत पुढच्या जागेवरून सुटली. डिझेलने तसं करावं हे तेव्हा कुणाला पटत नव्हतं. दोनशे फेऱ्यांपैकी एकाहत्तराव्या फेरीला ती बाहेर पडली, कारण टायरांच्या रबराचा चुरा ओढून टर्बोचं तोंड बुजलं होतं. दहा वर्षांनी पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली, तेव्हा ही गोष्ट तिथल्या लोकांना ठाऊक असणारच. खामगावात रबराच्या जागी सरकी-कापूस आहे. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारी कापसाची तूस जाळीत जाऊन बसते, तिच्यावर धूळ आणि ऑइल, आणि बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या रेडिएटरच्या मधल्या फटी गच्च.

हल्लीच्या पोरांना साधं डिझेलही नको, टर्बो हवा. तिथे सगळं गणितच बदलतं. ताकद वाढली की उष्णता वाढतेच, आणि इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसून त्याचीच हवा आधी गरम करून ठेवतो. वर एसीचा कंडेन्सर. एका फुटाच्या तोंडात तीन जाळ्या एकामागे एक. अशा कामाला मिस्त्री सरळ नाही म्हणतो, आणि मला ते पटलं. 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एकदा सीज झालेलं इंजिन उघडताना बघावं.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. पेट्रोलची नोंद असलेल्या जीपमध्ये डिझेल दिसलं तर बुलढाण्याच्या, म्हणजे एमएच-28च्या, आरटीओत नूतनीकरण अडतं, विम्याचा दावाही धोक्यात येतो. डिझेलचे भाव ऑक्टोबर 2014मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पेट्रोलशी असलेली दरी बुजत गेली, तेव्हा या उद्योगामागचा अर्धा हिशेब तसाही संपला. उरली ती हौस.

पण मिस्त्रीला आरटीओची काळजी नाही. त्याला काळजी पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाण्यात पसरलेला खारपाणपट्टा त्याच्या दारापासून फार लांब नाही. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा इथल्या अनेक गावांत बोअरचं पाणी इतकं खारं की माणसांच्या किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. तेच पाणी रेडिएटरमध्ये जातं. तापलं की त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात, क्लोराइड डाखाला आणि ॲल्युमिनियमच्या हेडला कुरतडतं. जुन्या डिझेल इंजिनांत लायनर थेट पाण्यात उभे असतात. स्फोटाच्या धक्क्याने ते थरथरतात, बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि लोखंडाला टोचे पडत जातात. खारं पाणी त्या खड्ड्यांना मदतच करतं, आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरतं. नुसतं आरओचं शुद्ध पाणी टाकूनही भागत नाही, ते बिनसंरक्षणाच्या लोखंडाला गंजवतं. त्यात गंजरोधक कूलंट पाहिजेच.

एवढं सगळं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, तयार कूलंटचा कॅन हातात देतो, पैसे वेगळे लावतो. गिऱ्हाईक कुरकुरत घेतं. मग एखाद्या दुपारी घाटात होजची क्लिप ढिली होते, वाफ निघते, आणि गाडीतला कोणीतरी जवळच्या हातपंपावर कळशी घेऊन धावतो. "थे कळशी ओतली की माह्यं काम गेलं," मिस्त्री म्हणाला, आणि पट्टी पुढच्या नळीत घातली.