जमिनीखालचा सातबारा

‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ बघितला असेल, तर ओसेज लोकांच्या चकचकीत गाड्या, त्यांचे दागिने आणि मग एकामागून एक पडणारे मुडदे आठवत असतील. साडेतीन तासांच्या त्या सिनेमात एक शब्द सारखा कानावर पडतो, हेडराइट. ओक्लाहोमातल्या ओसेज जमातीने १९०६ मध्ये जमिनीची वाटणी होताना एक शहाणपणा केला. जमीन माणसागणिक वाटली गेली, पण जमिनीखालचं तेल आणि वायू सगळ्या जमातीचा सामाईक राहिला. त्याचे २,२२९ वाटे पडले. एक वाटा म्हणजे एक हेडराइट. तो वारसाहक्काने मिळायचा, म्हणून आधी लग्न करून आणि मग माणूस मारून तो बळकावता येत होता. पुढचं स्कॉर्सेसीने दाखवलंच आहे.

खुनांइतकी थरारक नसलेली, पण कितीतरी जास्त वर्षं चाललेली गोष्ट हिशोबाची आहे. ओसेजच्या तेलाचा पैसा अमेरिकन सरकार विश्वस्त म्हणून सांभाळत होतं आणि त्याचा हिशोब नीट ठेवला गेला नाही, असा जमातीचा दावा होता. २०११ मध्ये सरकारने ३८ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. तेल तुमचं, विहीर दुसऱ्याची आणि मोजमापही दुसऱ्याचंच, असं असेल तर किती निघालं ते तुम्हाला कळणार कसं?

हा प्रश्न आजही अमेरिकेतल्या लाखो साध्यासुध्या कुटुंबांचा आहे. आपल्याला तो चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे तो उद्भवतच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ बघा. सनदेत वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जमिनीतली खनिजं राज्य सरकारची. बॉम्बे हायचं तेल तर समुद्राखालचं, ते देशाचं. सातबारावर आजोबांचं नाव कितीही ठळक असलं, तरी शेतात ड्रिलिंग करून तुम्ही शेख होणार नाही. सॉरी.

टेक्सासमध्ये मात्र होऊ शकता. तिथे जमीन दोन थरांत विकता येते, वरची वेगळी आणि खालची खनिजं वेगळी. आजोबांनी शेत विकलं पण खनिजं स्वतःकडे ठेवली, असं सर्रास होतं. मग वरच्या मालकाला खालचं काही मिळत नाही. उलट खनिजमालकाला, किंवा त्याने ज्या कंपनीला लीज दिलं तिला, तेल काढण्यासाठी वरची जमीन वाजवी प्रमाणात वापरायचा हक्क असतो. कायद्यात खालचा वरच्यापेक्षा वरचढ! तुमचा एखादा दादा किंवा ताई डॅलस-फोर्ट वर्थच्या बाजूला घर घेत असेल, तर त्यांना खरेदीखत नीट वाचायला सांगा. त्या भागाखाली बार्नेट शेल हा वायूचा मोठा साठा आहे आणि घर विकताना बिल्डरने खनिजं स्वतःकडेच ठेवलेली असू शकतात. त्याच पट्ट्यातल्या डेंटन शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान घेऊन फ्रॅकिंगवर बंदी घातली होती. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकार काढून घेतला.

आता समजा, खनिजं तुमची आहेत. आजीकडून आलेली, ४० एकरांखालची. एक दिवस पत्र येतं : ‘तुमचे खनिज हक्क आम्ही विकत घेतो, एकरी इतके डॉलर, ऑफर दहा दिवसांसाठी.’ रक्कम तुमच्या दोन सेमिस्टरची फी भागवेल एवढी. सही करावीशी वाटेलच. पण एक साधा प्रश्न आहे, हे पत्र आजच का आलं?

उत्तर बहुतेक वेळा एका सरकारी वेबसाइटवर फुकट पडलेलं असतं. टेक्सासमध्ये तेलविहिरींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचं नाव आहे रेलरोड कमिशन. होय, रेलरोड. १८९१ मध्ये ती रेल्वेसाठीच स्थापन झाली, पुढे तेलही तिच्याकडे आलं, २००५ पासून रेल्वेशी तिचा काही संबंध उरला नाही, पण नाव तेच. विहीर खोदण्याआधी कंपनीला तिच्याकडे डब्ल्यू-१ नावाचा अर्ज करावा लागतो. कोण खोदणार, कुठल्या काउंटीत, किती खोल, उभी विहीर की आडवी, सगळं त्यात असतं. हे अर्ज कोणीही शोधून वाचू शकतं. शिवाय एक नकाशा आहे, त्यावर प्रत्येक विहीर आणि प्रत्येक मंजूर जागा ठिपक्याने दाखवलेली असते. आपला गट नंबर असतो तसा तिथे सर्व्हे आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट नंबर असतो. तो आजीच्या कागदावरून घ्यायचा आणि नकाशावर शोधायचा. मी इंटर्नशिपच्या फावल्या वेळात हा नकाशा उघडून बसले होते. पश्चिम टेक्सासचा भाग झूम केला की ठिपक्यांनी स्क्रीन भरून जाते. इन्स्टापेक्षा जास्त वेळ जातो, खरंच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हल्लीच्या विहिरी सरळ खाली जाऊन थांबत नाहीत, खाली वळून मैल-दोन मैल आडव्या धावतात. त्यामुळे तुमच्या ४० एकरांवर ट्रक दिसत नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. यंत्र शेजारच्या रँचवर उभं असेल आणि विहीर तुमच्या खालून जात असेल. अर्जात विहिरीचं वरचं तोंड कुठे आणि खालचं टोक कुठे, दोन्ही दिलेलं असतं. त्या दोन ठिपक्यांमधली रेघ तुमच्या सर्व्हेवरून जात असेल, तर दहा दिवसांच्या ऑफरमागची घाई कळते. पत्र पाठवणाऱ्याने डब्ल्यू-१ वाचलेला असतो. तुम्ही वाचलेला नसेल यावर त्याचा धंदा चालतो. यात बेकायदा काही नाही, हेच जास्त टोचतं.

उलट बाजूही आहे. परमिट म्हणजे विहीर नव्हे. दोन वर्षांत काम सुरू झालं नाही, तर परवाना संपतो आणि कागदावरच राहिलेल्या विहिरी काही थोड्या नाहीत. त्यामुळे नकाशावर ठिपका दिसला म्हणून लगेच कार बुक करू नका.

विकायचं नसेल तर दुसरा रस्ता लीजचा. ‘लँडमन’ सिरीजमधला बिली बॉब थॉर्नटन बंदुकवाल्यांशी भांडताना दिसतो. खरा लँडमन बराच वेळ काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये जुनी खरेदीखतं चाळतो, आणि मग तुमच्या दारात करार घेऊन येतो. सही केल्यावर हातात पडतो तो बोनस, आणि तेल निघालं तर विक्रीतला वाटा म्हणजे रॉयल्टी. ही टक्केवारी सगळ्यात महत्त्वाची. पूर्वी आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के ठरलेला असायचा. आता चांगल्या भागात २० ते २५ टक्के मिळवणारे लोक आहेत. शेजाऱ्याला काय मिळालं ते काउंटी क्लार्कच्या नोंदींत बघता येतं, पण अर्धंच. कंपन्या बऱ्याचदा पूर्ण करार नोंदवतच नाहीत, फक्त करार झाल्याचा एक पानी गोषवारा नोंदवतात. आकडा झाकलेला. मग शेजाऱ्याकडे चहाला जायचं, दुसरा उपाय नाही. (तिथे कॉफी.)

फरक किती पडतो ते मोबाइलवर करून बघा. तुमचे ४० एकर ६४० एकरांच्या युनिटमध्ये घातले, तर वाटा ४० भागिले ६४०, म्हणजे ०.०६२५. त्याला २० टक्के रॉयल्टीने गुणलं की ०.०१२५. समजा विहिरीतून महिन्याला १५ हजार बॅरल निघाले आणि भाव ७० डॉलर असेल, तर तुमचे झाले १३,१२५ डॉलर, कर कापण्याआधी. तेच साडेबारा टक्क्यांवर ८,२०३. विहीर तीच, तेल तेवढंच, आणि दर महिन्याला जवळपास पाच हजार डॉलरचा फरक एका सहीमुळे. ०.०१२५ हा आकडा कंपनी नंतर ‘डिव्हिजन ऑर्डर’ नावाच्या कागदावर पाठवते आणि सही मागते. तो स्वतः काढून ताडून बघणं हे बारावीच्या गणिताचंसुद्धा काम नाही, पण ते करावं लागतं.

करारातलं दुसरं महत्त्वाचं कलम मुदतीचं. तीन वर्षं म्हटलेलं असतं आणि पुढे एक वाक्य येतं, ‘त्यानंतर उत्पादन चालू असेपर्यंत’. म्हणजे तीन वर्षांत काहीच झालं नाही तर लीज संपतं. ते संपल्याचं पत्र कंपनी आपणहून पाठवेल या भरवशावर राहू नका. तारीख तुम्ही कॅलेंडरमध्ये टाकायची आणि मोकळे झालात की नवा भाव करायचा. पण विहीर चालू असेल तर लीज पन्नास वर्षंही चालू शकतं. आजोबांनी साडेबारा टक्क्यांवर केलेलं लीज एका कुरकुरणाऱ्या पंपामुळे अजून जिवंत आहे, आणि त्यामुळे खालचा सगळा नवा साठाही जुन्याच दरात अडकलाय, असं होऊ शकतं. चालू विहिरीने फक्त आपल्यापुरती जमीन धरून ठेवावी आणि बाकीची सोडावी, अशी अट लिहून घेता येते. तिला प्यू क्लॉज म्हणतात. जुन्या करारांत ती सहसा नसते.

अशा वेळी पुन्हा तीच वेबसाइट. टेक्सासमध्ये तेलाचं उत्पादन दर महिन्याला लीजप्रमाणे कळवावं लागतं आणि ते आकडे सगळ्यांना दिसतात. सलग बऱ्याच महिन्यांसमोर शून्य दिसलं, तर लीज खरंच जिवंत आहे का हे वकिलाला विचारायची वेळ आलीय. वकील लागतोच, कारण बंद विहीर जिवंत धरणारी कलमंही करारात असतात. आणि चेकवरचे बॅरल या आकड्यांशी जुळतात का, हेही इथेच कळतं. पहिली विक्री झाली तो महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिले पैसे यायला हवेत, असं टेक्सासचा कायदा सांगतो. त्यानंतर तेलाचे ६० दिवसांत, वायूचे ९० दिवसांत.

टेक्सासमधला एक बडा खनिजमालक विद्यापीठ आहे. पश्चिम टेक्सासमधल्या २१ लाख एकरांचं उत्पन्न युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या दोन्ही व्यवस्थांच्या कायमच्या निधीत जातं. २८ मे १९२३ ला तिथल्या सांता रीटा नंबर १ विहिरीला तेल लागलं आणि ओसाड म्हणून पदरात पडलेली जमीन सोन्याची झाली. त्या विहिरीची यंत्रसामग्री आज ऑस्टिनच्या कॅम्पसवर मांडून ठेवलेली आहे. पण विद्यापीठाकडे ही जमीन सांभाळायला पगारी माणसांचं अख्खं कार्यालय आहे. ४० एकरवाल्या आजीकडे नातवंडं आहेत, आणि त्यातली बहुतेक दुसऱ्या राज्यात.

खरी गळती तिथेच होते. आजी गेली, वारसांची नोंद त्या काउंटीत कोणी केली नाही, पत्ता बदलला, चेक परत गेला. मालक नक्की कोण हे कळत नाही म्हणून कंपनी पैसे बाजूला ठेवते. तीन वर्षं कोणी मागितले नाहीत, तर ते राज्याच्या खजिन्याकडे जातात. बुडत नाहीत, पडून राहतात. टेक्सासच्या कॉम्प्ट्रोलरच्या वेबसाइटवर नाव टाकून ते शोधता येतात, शोधायला पैसे पडत नाहीत. आजीचं नाव टाकायचं, तिचं माहेरचं आडनाव टाकायचं, आणि जुन्या कारकुनाने स्पेलिंग कसं चुकवलं असेल त्याचाही अंदाज घेऊन तेही टाकून बघायचं.