छत्रीतून येणारे चित्र : सरस-नीरसाची पारख

विजेच्या उपकरणांच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाकडून हटकून विचारला जाणारा एक प्रश्न आहे : “शेठजी, छत्री कोणाची घ्यावी? चित्र कोणाचे चांगले?” या प्रश्नास मिळणारे उत्तर बहुधा तीन गोष्टींवर अवलंबून असते. कोणत्या कंपनीकडून दुकानदारास अधिक दलाली सुटते, कोणती छत्री त्याच्या स्वतःच्या गच्चीवर आहे, आणि कोणत्या कंपनीचा जोडणी करणारा कारागीर हाकेच्या अंतरावर राहतो. यांपैकी तिसरे कारण मोठे व्यवहारी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण चित्राच्या गुणवत्तेशी या तिहींचाही काही संबंध नाही.

आपल्या देशात आज टाटा प्ले, एअरटेल, सन डायरेक्ट, डिश टीव्ही व तिच्याच छत्राखालील डीटूएच या सशुल्क सेवा आहेत आणि त्यांच्या जोडीला प्रसार भारतीची निःशुल्क डीडी फ्री डिश आहे. या सर्वांच्या चित्रांत फरक असतो, हे खरेच. परंतु तो फरक कंपनीच्या नावात नसून तिने आकाशात भाड्याने घेतलेली जागा आणि त्या जागेत कोंबलेल्या वाहिन्या यांच्या प्रमाणात असतो. हा हिशेब एकदा ध्यानात आला म्हणजे जाहिरातीतील विशेषणांचे ओझे पुष्कळ हलके होते.

विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहात ट्रान्सपॉन्डर नावाची यंत्रे असतात. भूमीवरून आलेली लहर घ्यावयाची, तिची कंप्रता बदलावयाची व तिला बळ देऊन परत भूमीकडे धाडावयाची, एवढेच त्यांचे काम. एका ट्रान्सपॉन्डरची वहनक्षमता ठरलेली असते. डीव्हीबी-एस या जुन्या पद्धतीत नेहमीच्या मांडणीने त्यातून दर सेकंदास सुमारे ३ कोटी ८० लाख बिट वाहून नेता येतात. नंतर आलेल्या डीव्हीबी-एस२ पद्धतीने त्याच जागेत सुमारे तीस टक्के माल अधिक मावतो. हा झाला मालमोटारीचा टनभार. आता माल किती आहे तो पाहू.

साध्या वाहिनीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. सेकंदास २५ चित्रे आणि प्रत्येक बिंदूस १६ बिट धरले, तर एका सेकंदाचा माल साडेसोळा कोटी बिटांच्या वर जातो. एचडी वाहिनीच्या चित्रात १९२० गुणिले १०८० बिंदू असतात. ते साध्याच्या बरोबर पाचपट भरतात, आणि तिचा माल ८३ कोटींच्या घरात जातो. म्हणजे चित्र जसेच्या तसे पाठवावयाचे ठरविले, तर एका ट्रान्सपॉन्डरमध्ये एक साधी वाहिनीदेखील मावणार नाही. टाटा स्कायने २००६ साली ज्या इन्सॅट-४ए उपग्रहाच्या बळावर आपला व्यवसाय मांडला, त्याच्या बाराही केयू-पट्ट्याच्या ट्रान्सपॉन्डरांत एक एचडी वाहिनी पुरती बसली नसती! व्यवहारात मात्र एकेका ट्रान्सपॉन्डरमधून दहा-वीस साध्या वाहिन्या सुखेनैव येतात. यातील मर्म संकोचनात आहे.

संकोचनाची मूळ युक्ती १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आहे. तिच्या तीन कर्त्यांपैकी अग्रणी नासिर अहमद यांचा जन्म बंगळूरचा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे बारीक चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळता प्रथम लिहावयाची, मग त्यातील स्थूल चढउतार, मग सूक्ष्म, मग अतिसूक्ष्म. मानवी डोळा स्थूल चढउतार चटकन टिपतो, पण अतिसूक्ष्मांकडे त्याचे दुर्लक्ष होते. यास्तव शेवटची पदे ढोबळ करून टाकली किंवा अजिबात गाळली, तरी पाहणाऱ्यास पत्ता लागत नाही. याच्या जोडीला दुसरी युक्ती अशी की, दर वेळी पूर्ण चित्र न पाठविता मागील चित्रापासून काय हलले तेवढेच पाठवावयाचे. बातम्या सांगणाऱ्या निवेदकामागची भिंत हलत नाही. तिच्यासाठी पुन्हा पुन्हा बिट कशाला खर्चावे?

किती गाळावयाचे हे मात्र पाठविणाऱ्याच्या हाती असते. येथेच व्यापार येतो. ३ कोटी ८० लाखांच्या जागेत दहा वाहिन्या बसविल्या तर प्रत्येकीस ३८ लाख बिट मिळतात. पंधरा बसविल्या तर पंचवीस लाख आणि वीस बसविल्या तर जेमतेम एकोणीस. वाहिन्यांची संख्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापता येते, वाट्याचे बिट कोठेच छापले जात नाहीत. कापडाचा पन्हा सांगावयाचा आणि सुताचा नंबर झाकून ठेवावयाचा, अशातलाच हा प्रकार होय.

शिवाय ही वाटणी समसमान नसते. आधुनिक प्रक्षेपणकेंद्रात एका ट्रान्सपॉन्डरमधील सर्व वाहिन्यांस एकाच पातेल्यातून वाढण्याची व्यवस्था असते. ज्या क्षणी ज्या वाहिनीचे चित्र अवघड असेल तिच्या पानात अधिक आणि जिचे सोपे असेल तिच्या पानात कमी वाढले जाते. क्रिकेटचे मैदान, हजारो प्रेक्षक, वेगाने फिरणारा कॅमेरा ही सर्वांत खादाड मंडळी होत. चर्चेस बसलेले चार विद्वान फार थोड्यात भागवितात. या पंगतीत एक-दोन खादाड असले तर कोणी उपाशी राहत नाही. पण एकाच ट्रान्सपॉन्डरमधील तीन-चार वाहिन्यांवर एकाच वेळी सामने सुरू झाले की सर्वांच्याच पानात तुटपुंजे पडते. दुपारी निर्मळ दिसणारे चित्र सायंकाळी गढूळ का होते, याचे एक उत्तर यात आहे.

आता आपल्याकडील स्पर्धेचा इतिहास पाहिला म्हणजे हा हिशेब कसा वळणे घेत गेला ते कळेल. डिश टीव्ही २००३ साली सुरू झाली, दूरदर्शनची निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये, टाटा स्काय ऑगस्ट २००६ मध्ये. या काळात प्रचलित असलेली संकोचनाची पद्धत म्हणजे एमपेग-२. तिच्यावर चालणाऱ्या पेट्या लक्षावधी घरांत बसल्या. पुढे एमपेग-४ म्हणून बाजारात ओळखली जाणारी पद्धत हाताशी आली. तेच चित्र ती सुमारे निम्म्या बिटांत पाठविते. सन डायरेक्ट, पुढे बंद पडलेली बिग टीव्ही, एअरटेल आणि व्हिडिओकॉन डीटूएच या २००७ ते २००९ या काळात उतरलेल्या कंपन्यांनी आरंभापासून नवी पद्धत घेतली व जाहिरातींतून तिचा डंका पिटला. अगोदर आलेल्यांची मात्र पंचाईत झाली. जुनी पेटी नवी भाषा वाचू शकत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या घरातील पेटी बदलावयाची म्हणजे गुंतविलेले भांडवल पुन्हा गुंतवावयाचे. ज्या व्यापाऱ्याने जुन्या मापाचा माल कोठारभर भरून ठेवला आणि मग सरकारने माप बदलले, त्याला ही अवस्था निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा नव्या कंपन्यांचे चित्र सरस असावे, असा तर्क कोणीही करील. पण तो अपुरा आहे. निम्म्या बिटांत तेच चित्र मिळते याचा अर्थ त्याच बिटांत अधिक चांगले चित्र देता येते असा होतो, तसाच त्याच चित्रात दुप्पट वाहिन्या बसविता येतात असाही होतो. बचत कोणाच्या पदरात टाकावयाची हे यंत्रशास्त्र ठरवीत नाही, कंपनीचा हिशेबनीस ठरवितो. कमी वाहिन्या वाहणारी जुनी पद्धत दाटीने भरलेल्या नव्या पद्धतीवर सहज मात करू शकते. दोन्ही पद्धतींचे दोषही निराळे. एमपेग-२ उपाशी राहिली की चित्राचे चौकोन उघडे पडतात. एमपेग-४ मध्ये ते चौकोन सांधण्याची सोय अंगभूत आहे. म्हणून तिचे चित्र फुटत नाही, पण चेहऱ्यावर मेण फासल्यासारखे होते आणि मैदानातील गवताचा हिरवा गालिचा बनतो. पहिला दोष कोणाच्याही डोळ्यांत भरतो. दुसरा मात्र पुष्कळांना दोष वाटतच नाही, उलट ‘चित्र किती मुलायम!’ म्हणून त्याची वाखाणणी होते.

आकाशातील जागाही पैसे टाकताच मिळते असे नाही. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला व त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. सन डायरेक्टला तेव्हा मलेशियाच्या मिआसॅट-३ उपग्रहाचा आश्रय करावा लागला. उलटपक्षी, जून २०२२ मध्ये अवकाशात गेलेल्या जीसॅट-२४ उपग्रहाची सर्व क्षमता एकट्या टाटा प्लेने भाड्याने घेतली. सारांश, एखाद्या कंपनीचा टनभार कायमचा ठरलेला नसतो.

दुकानात सर्वांत अधिक गैरसमज छत्रीच्या रोखाविषयी आढळतो. कारागीर गच्चीवर चढून छत्री इंचभर सरकवितो आणि खाली ओरडून विचारतो, “आता रंग खुलले का?” खालची मंडळीही ‘खुलले, खुलले’ म्हणतात. अंकीय प्रक्षेपणात हे संभवत नाही. बिट एकतर बरोबर वाचले जातात किंवा वाचले जात नाहीत. बरोबर वाचले जात असतील तोवर संदेशाचे बळ साठ टक्के दाखविले काय आणि नव्वद टक्के काय, चित्र तेच. ते अंधूक होत नाही, रंग उडत नाहीत. मर्यादेखाली गेले की मात्र एकदम तुकडे पडतात व पडदा काळा होतो. चांगल्या रोखाचा उपयोग पावसाळ्यासाठी असतो. केयू पट्ट्याच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरांच्या आसपास. दाट पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. गोव्यात किंवा खानापूरच्या जंगलपट्टीत आषाढसरी कोसळत असता ज्याच्या छत्रीस बळाची शिल्लक असेल त्याचे चित्र टिकते. अशा ठिकाणी नेहमीपेक्षा मोठ्या व्यासाची छत्री बसविणे हा पैसा सत्कारणी लागण्याचा मार्ग आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील गिऱ्हाइकास त्याची तेवढी निकड नाही.

एचडी या अक्षरांविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. ही अक्षरे बिंदूंची संख्या सांगतात, प्रत्येक बिंदूवर किती खर्च केला ते सांगत नाहीत. बिंदू पाचपट असले तरी बिट पाचपट दिले जातातच असे नाही. मौजेची गोष्ट अशी की, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या दर-आदेशाने वाहिन्यांची मोजदाद करताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली. शिवाय वाहिनीचे चित्र डीटीएच कंपनीकडे पोहोचते तेच मुळी एकदा संकोचून. कंपनी ते उलगडते आणि आपल्या मापाने पुन्हा संकोचते. दोनदा चाळलेल्या पिठात जो कोंडा उरला नाही तो घरच्या चाळणीत कसा सापडावा? त्यातून वाहिनी जुना चित्रपट ताणून एचडीवर दाखवीत असेल, तर कोणतीही छत्री त्यास उजाळा देऊ शकणार नाही.

म्हणून तुलना करावयाची तर ती अशी करावी. दूरचित्रवाणी संच एकच, दोन कंपन्यांच्या पेट्या, दोन्हींस एकाच जातीची एचडीएमआय तार. एचडीची पेटी घेऊन ती तीन रंगी जुन्या तारेने जोडणारी घरे अद्याप आढळतात. तेथे एचडीचे शुल्क भरूनही पडद्यावर साधेच चित्र येते. पेटीतील मांडणी १०८० वर आहे की नाही हेही पाहावे. दुकानात संचाची झळाळी मुद्दाम वाढवून ठेवलेली असते, ती उतरवावी. दुकानातील नमुन्याच्या फितीवरून तर काहीच ठरवू नये. ती उपग्रहावरून येत नसते, संचाच्या पाठीस लावलेल्या पेनड्राइव्हमधून येते. पंचावन्न इंची संच घरी नेऊन दुसऱ्याच दिवशी ‘चित्र फाटते’ म्हणून परत आणणारे गिऱ्हाईक पुष्कळदा या नमुन्याने फसलेले असते, आणि दोष नसलेल्या संचाचे ओझे मधल्या मध्ये विक्रेत्याच्या माथी येते. विक्री करतेवेळीच त्यास साधी वाहिनी लावून दाखविणे दोघांच्याही हिताचे.

मग दोन्ही पेट्यांवर एकच वाहिनी, एकाच कार्यक्रमात, आळीपाळीने लावावी. निवेदकाचा चेहरा पाहू नये, तो सर्वत्र चांगलाच दिसतो. चेंडू सीमारेषेकडे जात असता मागचे गवत पाहावे, खवळलेले पाणी पाहावे, अंधाऱ्या प्रसंगातील भिंतीवर पट्टे उमटतात का ते पाहावे. तळाशी सरकणाऱ्या अक्षरांच्या कडांभोवती डास घोंगावल्यासारखी वळवळ दिसते का, तेही पाहावे. संचापासूनचे अंतरही मोजावे. त्रेचाळीस इंची संचाच्या एचडी चित्रातील सर्व बारकावे निरोगी डोळ्यास साधारण साडेपाच फुटांपर्यंतच दिसतात. दिवाणखान्यात बारा फुटांवर बसणाऱ्या कुटुंबास एचडीचा लाभ पुष्कळसा कमी होतो आणि त्यांनी वाढीव शुल्क भरण्यापूर्वी साधी वाहिनी एकदा पाहून घ्यावी. चाचणी एकदा दुपारी व एकदा सामन्याच्या सायंकाळी करावी, आणि निष्कर्ष वहीत टिपताना वाहिनीच्या नावाशेजारी तारीखही घालावी, कारण कंपन्या आपल्या वाहिन्या एका ट्रान्सपॉन्डरवरून दुसऱ्यावर हलवितात आणि दिवाळीत केलेली पारख होळीपर्यंत लागू राहील याचा भरवसा देता येत नाही.