गोळी एकच, स्वभाव वेगवेगळे



साखरेची गोळी चुकवणाऱ्याला आपण चटकन निष्काळजी म्हणतो. पाड्यांवर औषधे घेऊन फिरताना मला तो शब्द वापरवत नाही. ताप आला की गोळी आठवते. साखर वाढली तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आतून बिघडत राहतात. न दुखणाऱ्या आजारासाठी जन्मभर गोळी घेणे कोणालाही जडच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात.

यात स्वभावाचाही वाटा असतो. मानसशास्त्रज्ञ ज्याला कर्तव्यदक्षता म्हणतात, म्हणजे नेमस्तपणा, तो ज्याच्यात अधिक, त्याच्या गोळ्या सहसा कमी चुकतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. चिंता करणाऱ्यांचे मात्र एकसारखे नाही. एखादा भीतीपोटी एकही गोळी चुकवत नाही. दुसरा "गोळ्यांनी किडनी जाते" असे कुठेतरी ऐकून घाबरतो आणि पाकीटच फोडत नाही. अशा माणसाला साखरेचे दुष्परिणाम रंगवून सांगणे म्हणजे भीतीत भर. त्याच्याजवळ बसून आधी त्याची शंका ऐकावी लागते.

"मला बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" म्हणणारे काका निराळे. त्यांना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, मागचा आणि आत्ताचा, शेजारी शेजारी दाखवावा. विसराळू माणसाला तर उपदेश नकोच. मेटफॉर्मिन जेवणाबरोबरच घ्यायची असते, म्हणून पाकीट चुलीच्या धगीपासून दूर, पण भाकरीच्या टोपलीजवळ ठेवायला सांगते.

नेमस्त माणसाचाही एक धोका आहे, आणि तो आपल्या लक्षात येत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तो वेळेवर घेतो, पण त्या दिवशी कामाच्या धांदलीत जेवण राहते. मग घाम, थरथर, कधी शुद्धही जाते. म्हणून जेवण हुकले तर काय करायचे, हे अशा रुग्णाने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हवे.

आणि स्वभाव कितीही चांगला असला, तरी हातात नसलेली गोळी कोण घेणार? दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, केसपेपर घरीच राहतो. निघण्याआधी पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाठोड्यात बांधली का, एवढे या दिवसांत घरोघर जाऊन पाहावे लागते.