कादंबरीतल्या दोन यमुना

१८४४ : लंडनमध्ये इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ सुरू. दर आठवड्याला एक भाग, किंमत एक पेनी, कामगारांनाही परवडणारी.

१८५७ : बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालेले. यमुना प्रवासात विधवांचे हाल पाहते. पुढे स्वतः विधवा होते आणि पुनर्विवाह करते.

१८८५ : हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’. तिच्यावर रेनॉल्ड्सची छाप.

१८९० : ‘करमणूक’ साप्ताहिकात हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो’ रेनॉल्ड्सच्या कादंबरीसारखीच क्रमशः सुरू. यमू, म्हणजे दुसरी यमुना, आपली कहाणी स्वतःच सांगते : मुंबईतला मोकळा संसार, नवऱ्याचा मृत्यू, मग सक्तीचे केशवपन.

फरक : पुनर्विवाह पहिलीच्या वाट्याला आला, दुसरीच्या नाही. कायदा होऊन ३४ वर्षे झाली, तरी घरातली सत्ता सासरच्या वडीलधाऱ्यांकडेच होती.