कॅप बसवली, तरी हिरडी दुखतेच? मग गप्प बसू नका

आमच्या खालाने दाढेला कॅप बसवली, त्याला चार महिने झाले होते. तरी हिरडी लालच. ब्रश लावला की रक्त, मटण खाल्लं की रेषे त्याच जागी अडकायचे. "नवीन आहे, बसेल हळूहळू," म्हणत ती मिठाच्या पाण्याने चुळा भरत राहिली. एवढे पैसे देऊन पुन्हा तक्रार काय करायची, याचा तिला संकोच. शेवटी आम्हीच तिला घेऊन गेलो. कॅप चिकटवताना वापरलेल्या सिमेंटचा बारीक तुकडा हिरडीखाली राहून गेला होता. डॉक्टरांनी तो काढला आणि थोड्याच दिवसांत सूज उतरली.

असे लोक प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. म्हणून हे समजून घेऊ या.

किती दिवस दुखणं साहजिक?

कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासून लहान करतात. माप घेताना हिरडी बाजूला सारावी लागते. त्यामुळे सुरुवातीला थोडी सूज, थोडं दुखणं चालतं. पण ते एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं. त्यापुढेही हिरडी लाल राहिली, रक्त येत राहिलं, तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं.

कारणं कोणती?

पहिलं, उरलेलं सिमेंट. सगळंच सिमेंट एक्स-रेत दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना हत्याराने तपासूनही बघावं लागतं.

दुसरं, कॅपची कड. डब्याचं झाकण नीट बसलं नाही तर फटीत घाण साचते, तसंच इथे होतं. कड बाहेर आली असेल किंवा फट राहिली असेल, तर कितीही ब्रश करा, तिथली घाण निघत नाही.

तिसरं, कड फार खोल जाणं. हाडाच्या वर साधारण २ मिलिमीटर हिरडी दाताला चिकटलेली असते. कॅप त्या जागेत घुसली तर सूज हटत नाही. अशा वेळी हिरडीची छोटी शस्त्रक्रिया किंवा नवी कॅप लागू शकते.

चौथं, शेजारच्या दाताशी राहिलेली फट. तिथे प्रत्येक जेवणात अन्न अडकतं.

पाचवं, धातूची अॅलर्जी. स्वस्त धातूच्या कॅपमध्ये बऱ्याचदा निकेल असतं. खोट्या कानातल्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने खाज सुटत असेल, तर कॅप बनवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. झिर्कोनियाच्या कॅपमध्ये निकेल नसतं. पण हे कारण कमी जणांत आढळतं. म्हणून आधी वरची चार तपासून घ्यावीत.

शुगर वाढलेली असेल किंवा तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर हिरडी लवकर बरी होत नाही.

घरी काय करावं?

मऊ ब्रश कॅप आणि हिरडीच्या सांध्यावर हळू फिरवा. दोन दातांच्या मधे फ्लॉस किंवा बारीक ब्रश वापरा. मिस्वाक करणाऱ्यांनी ती जरूर करावी, पण दातांच्या फटीत ती पोचत नाही, हे लक्षात ठेवा. लवंगाचं तेल थेट हिरडीवर लावू नका, आग होते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. अडकलेलं सिमेंट गोळीने निघत नाही.

डॉक्टरांना काय विचारावं?

कड नीट बसली आहे का? सिमेंट राहिलंय का? शेजारच्या दाताशी फट आहे का? कॅपमध्ये कोणता धातू आहे? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे, तो आपला हक्क आहे. समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी खर्चात तपासणी होते.

हिरडीवर पू असलेली पुळी आली, तर मुळाशी संसर्ग असू शकतो, लवकर दाखवा. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हिरडीची सूज वर्षानुवर्षं राहिली तर खालचं हाड झिजू लागतं, आणि मग कॅपसकट दातच जातो. खालाचा दात वाचला, कारण उशिरा का होईना, ती परत गेली. तुमच्या घरात कोणी असं सोसत असेल, तर या आठवड्यातच त्यांना घेऊन जा.